पूर्वजांच्या शोधांत

गतवर्षीं इतिहासाच्या तासास एका विद्यार्थ्यानें आम्हांस विचारलें, "सर, तुमचें मूळ गांव कोणतें?" सोलापुरांत हा प्रश्न नवलाचा नाहीं. येथें कोणाचे पूर्वज तेलंगणांतून हातमागाचा धंदा घेऊन आले, कोणाचे कर्नाटकांतून, तर कोणाचे १८७७ सालीं स्थापन झालेल्या जुन्या गिरणीच्या भोंग्यामागें. आम्हीं उत्तर दिलें, "नेवाशाकडील एक खेडें." लागलीच दुसरा प्रश्न आला, "तेथें तुमचे कोण राहात होते?" याचें उत्तर आम्हांपाशीं नव्हतें. मुलांकडून भोसल्यांची वंशावळ पाठ करून घेणाऱ्या शिक्षकास स्वतःच्या खापरपणजोबांचें नांव ठाऊक नसावें, याची त्या दिवशीं खरोखर लाज वाटली.

दिवाळीच्या सुटींत आम्ही त्या मुलखांत गेलों. तेथील वडाळा बहिरोबा हें अमेरिकन मराठी मिशनचें जुनें ठाणें. रेव्हरंड सॅम्युएल फेअरबँक १८४६ सालीं हिंदुस्थानांत आले व त्यांनीं वडाळ्यास दीर्घकाळ काम केलें. १८९८ सालीं ते निवर्तले. ते पक्ष्यांचेहि मोठे अभ्यासक होते. दक्षिणेंतील पळणीच्या डोंगरांतील एका पक्ष्याच्या शास्त्रीय नांवांत त्यांचें आडनांव आजहि आहे. आम्हांस मात्र पक्षी नको होता, माणूस हवा होता. तीन सुट्या खर्चीं पडल्यावर आसपासच्या एका मंडळीच्या बाप्तिस्म्याच्या वहींत तो सांपडला. खापरपणजोबांचें नांव, वय सुमारें वीस, धंदा मजुरी. पुढें बापाच्या नांवाचा रकाना. त्यांत दोनच अक्षरें समजावींत इतकी घाईची नोंद : "मयत".

मृत मनुष्यासहि नांव असतें, हें लिहिणारास त्या घटकेस सुचलें नसावें.

घरीं परतल्यावर मनांत आलें, आमचें राहो, फेअरबँक साहेबांच्या नांवाचें मूळ तरी कोठें असेल? आणि काय सांगावें! जें स्वतःसाठीं तीन सुट्यांत साधलें नाहीं, तें त्या आडनांवासाठीं एका सायंकाळीं साधलें. १८९७ सालीं बॉस्टन येथें या कुलाचा एक जाडजूड वृत्तान्त छापला गेला आहे. न्यू इंग्लंडांतील या आडनांवाचीं बहुतेक घराणीं आपला मूळपुरुष म्हणून जोनाथन फेअरबँक्स याचें नांव सांगतात. हा गृहस्थ १६३३ च्या सुमारास यॉर्कशायरांतून बायकोमुलांसह अमेरिकेस गेला. लोकरीचें कापड विणणाऱ्या हॅलिफॅक्स परगण्यांतला तो. सोलापूरकरांस आपलासा वाटावा असा. पुढें डेडम गांवीं त्यानें बांधलेलें लांकडी घर अद्याप उभें आहे. त्याच्या तुळयांचीं वर्तुळें मोजून शास्त्रज्ञांनीं तीं झाडें १६३७ ते १६४१ च्या दरम्यान तोडल्याचें ठरविलें आहे, आणि विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत त्या घरांत त्याचेच वंशज नांदत होते.

डेडमची वसाहत प्युरिटनांची, म्हणजे इंग्लंडच्या राजमान्य मंडळींतील उपासना अधिक शुद्ध व्हावी असा आग्रह धरणाऱ्यांची. ज्या काँग्रिगेशनल मंडळ्यांनीं आमच्याकडे मिशनरी धाडले, त्या यांच्याच वारस. परंतु जोनाथन लगेच मंडळींत शिरला नाहीं! चारचौघांत विश्वास प्रकट करण्याविषयीं त्याच्या मनांत कांहीं शंका होत्या, म्हणून तो बरीच वर्षें दूर राहिला. मंडळीच्या लोकांनीं प्रेमानें पुष्कळदां बोलणें केल्यावर १६४६ सालीं त्यास घेण्यांत आलें. हें सारें मंडळीच्या वहींत नमूद आहे. एका सामान्य मनुष्याच्या मनांतील अडखळणेंहि पावणेचारशें वर्षें टिकलें, तें लिहिलें गेलें म्हणून. आमच्या खापरपणजोबांनींहि वीस वर्षांच्या वयांत कांहीं शंका घेतलीच असेल. दुष्काळांत शंका घेण्यास उसंत मिळते कीं नाहीं, देव जाणे.

त्याच कुलवृत्तान्तांत आणखी एक नोंद आहे. जोनाथनाचा मुलगा जोनास व नातू जोशुआ हे फेब्रुवारी १६७६ मध्यें लँकेस्टर गांवावर तेथील मूळ रहिवाशांनीं केलेल्या हल्ल्यांत मारले गेले. बापलेकांचीं नांवें आहेत. ज्यांची जमीन या वसाहतींखालीं गेली व जे त्या रागानें चालून आले, त्यांच्या घरच्यांचीं नांवें मात्र त्या पोथींत शोधूं नयेत. तें पान वाचतांना आम्हांस आमचा तो रकाना आठवला, आणि साहेबांच्या घराण्याविषयीं वाटणारा हेवा थोडा उतरला.

तीर्थक्षेत्रींच्या उपाध्यांच्या वह्यांत कित्येकांच्या पिढ्या सांपडतात, हें आम्हांस ठाऊक आहे. परंतु ज्यांस देवळाची पायरीच वर्ज्य होती, त्यांची नांवें तेथें कोण मांडणार? आमचें घराणें त्यांपैकींच.

अखेर आम्ही बाळे येथें राहणाऱ्या आमच्या वृद्ध आत्याबाईंकडे गेलों. त्यांच्या परसांत एक जातें आहे. दुष्काळाच्या सालीं खापरपणजोबा सोलापुरास पायीं आले, तेव्हां तें त्यांच्या आईनें डोक्यावरून आणलें, असें घरांत सांगतात. इतकें ओझें एका बाईनें इतक्या वाटेनें आणलें असेल कीं काय, याविषयीं आम्हीं शंका काढली. आत्याबाई रागावल्या. "वरली तळीच आणली. खालची इथली हाय," त्या म्हणाल्या.

आम्हीं दोन्ही पेडी निरखून पाहिल्या. दगड खरोखर निरनिराळे आहेत.

त्या बाईचें नांव विचारलें, तेव्हां आत्याबाईंनीं बराच वेळ डोळे मिटून दोन नांवें सांगितलीं; त्यांतील एक सासूचें, एक सुनेचें, पण कोणतें कोणाचें हें त्यांस सांगतां येईना. आम्हीं दोन्ही नांवें वहींत शेजारीं शेजारीं, पेन्सिलीनें लिहून ठेवलीं आहेत.