मेणाच्या शोधात

मेणबत्त्यांच्या धंद्यात वहिनींनी आपली सारी शिल्लक घातली आणि मेण शोधायला मी निघालो. शामळदास गांधी मार्ग, म्हणजे मुंबईकरांची जुनी प्रिन्सेस स्ट्रीट! रसायनांच्या पेढ्यांत जो तो आधी भाव सांगे. एका वृद्ध शेठजींनी मात्र उलट विचारले, "किती अंशांना वितळणारे हवे?" ५८ ते ६० चे घ्यावे, त्याहून मऊ मेणाची बत्ती उकाड्यात वाकते. लादीवर कागद दाबून, तेलाचा डाग उमटत नाही, हे त्यांनी दाखवले.

"आधी किलोभर न्या, जाळून पाहा. पोते मागाहून."

"आणि वात?"

"ती सुतवाल्याकडे. माझ्याकडची चांगली नाही."

स्वतःच्या मालाला नावे ठेवणारा व्यापारी भेटला, की वाचकहो, शोध संपला म्हणून समजावे!