चहा सोडला नाही, साखर सोडली

आमच्या घरी चहाला नाही म्हणायची रीत नव्हती. वडील अंबड तालुक्यातल्या एका खेड्यात सालगडी होते. मालकाकडे त्यांची कपबशी वेगळी, गोठ्याच्या वळचणीला ठेवलेली. चहा वरून ओतला जाई, आणि पिऊन झाल्यावर कपबशी त्यांनीच विसळून ठेवायची. पुढे जालन्यात राहायला आल्यावर कोणी घरात बसवून सर्वांसारख्या कपात चहा दिला की वडिलांना भरून येई. "पोरांनो, कोणाच्या चहाला नाही म्हणू नका," असे ते सांगत. आमच्याकडेही पाहुण्याच्या चहात साखर कधी हात राखून पडली नाही.

आम्ही रोलिंग मिलमध्ये कामाला लागलो. भट्टीपुढचे काम. पाळीत चार चहा, घरी दोन. एकदा पायाची जखम भरेना म्हणून रक्त तपासले. उपाशीपोटी साखर २१० निघाली.

आता लोकांच्या घरी 'चहा नको' कसे म्हणायचे, याचेच दुःख जास्त झाले. तेव्हा पत्नीने हिशेब मांडला. सहा कप, प्रत्येकी दोन चमचे, चमच्याला सुमारे ४ ग्रॅम. म्हणजे दिवसाला जवळजवळ ५० ग्रॅम साखर नुसत्या चहातून! निरोगी माणसानेही वरची साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आत ठेवावी हे उत्तम, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितले आहे.

आधी आम्ही गुळाचा चहा केला. साखर उतरली नाही. गूळही उसाचाच, रक्तात गेल्यावर तो साखरच वाढवतो. मग दर पंधरा दिवसांनी अर्धा चमचा कमी केला. आले, वेलदोडा ठेचून घातला. सहा कपांचे तीन केले. सोबतचे टोस्ट-बिस्कीट बंद केले. दोन महिन्यांत जीभ वळली. आता गोड चहा पाकासारखा लागतो. डॉक्टरांच्या गोळ्या मात्र सुरूच आहेत.

माता-भगिनींनो, एक सावधगिरी सांगतो. गोळ्या घेऊन जेवण चुकले तर साखर एकदम उतरते. आमचे एकदा पाळीत तसे झाले. घाम फुटला, हात थरथरले. अशा वेळी फिका चहा कामाचा नाही. तीन-चार चमचे साखर पाण्यात घोळून लगेच द्यावी, पंधरा मिनिटांत बरे न वाटल्यास पुन्हा द्यावी, मग जेवू घालावे. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काही न घालता दवाखाना गाठावा. तेव्हापासून आमच्या खिशात साखरेची पुडी असते.

बाबासाहेबांनाही मधुमेह होता. माईसाहेब स्वतः डॉक्टर, त्या त्यांचे पथ्यपाणी पाहत. मग आपण पथ्य सांगायला का लाजावे?

आता कोणाच्या घरी गेलो की पातेले चढण्याआधीच सांगतो, "आमचा बिनसाखरेचा ठेवा." चहाला नाही म्हणत नाही. वडिलांचा शब्द राहतो. कप सर्वांसारखाच असतो, आणि मान त्या कपाचाच होता, साखरेचा नव्हे.