काड्यांचं वजन

गोणीतल्या काड्यासुद्धा वजनात धरल्या, हे आजही डोक्यातून जात नाही.

मी जिल्हा न्यायालयात फौजदारी कामं चालवते. एका टेम्पोच्या क्लीनरची केस माझ्याकडे आली. ताडपत्रीखाली दोन गोण्या होत्या, ड्रायव्हर पळाला, हा पोरगा सापडला. पंचनाम्यात गांजाची पानं, शेंडे, बिया, काड्या असा ओला माल आणि वजन 21 किलो 400 ग्रॅम.

गांजाची व्यापारी मात्रा 20 किलोच्या वर धरतात. तिच्या आत राहिलात तर शिक्षा दहा वर्षांपर्यंत, वर गेलात तर किमान दहा आणि कमाल वीस. शिवाय एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्याचं कलम 37 आडवं येतं. आरोपी दोषी नाही असं मानायला वाजवी कारण असल्याचं कोर्टाला पटल्याशिवाय जामीन नाही, तेही साक्षीपुरावा व्हायच्या आधी! म्हणजे इथं सगळा फरक 1 किलो 400 ग्रॅमचा होता.

1985 च्या या कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलं-फळं धरलेले शेंडे. नुसती पानं आणि बिया त्यात येत नाहीत. काड्यांचं तर नावच नाही. मग शेंडे वेगळे काढून तोलले का? नाही. गोणी रिकामी करून तिचं वजन वजा केलं का? पंचनामा गप्प. ओला माल वाळल्यावर किती भरला? कुणी पाहिलंच नाही. रासायनिक विश्लेषकाच्या (सीए) रिपोर्टमध्ये ‘गांजा’ एवढंच, शेंडे किती ते नाही. सरकारी वकील म्हणाले, शेंड्यांबरोबर पानं आली की सगळाच माल गांजा. मी विचारलं, आणि काड्या? सेशन्स कोर्टाने जामीन नाकारला. मुद्दा खटल्याच्या वेळी बघू, म्हणे. त्या निकालाची प्रत हातात घेऊन पोराच्या आईने मला विचारलं, “ताई, काड्यांपायी पोरगं आत राहिलं का?”

त्याच सुमारास गावठी कट्टा आणि जिवंत काडतुसांसह पकडलेला एक जण जामिनावर बाहेर आला. 1959 च्या शस्त्र कायद्यात कलम 37 सारखी अट नाही. शिवाय विनापरवाना शस्त्राचा खटला चालवायला जिल्हा दंडाधिकाऱ्यांची मंजुरी लागते. माणूस मारायचं हत्यार बाळगणारा घरी आणि गोणीशेजारी बसलेला कोठडीत, याचा संताप येतो.

पोराची दुसरी दिवाळी तुरुंगात गेली, मग हायकोर्टाने वजनाच्याच मुद्द्यावर जामीन दिला. गोण्यांत काय आहे हे त्याला ठाऊक होतं का? कलम 35 आणि 54 ते गृहीत धरतात, नव्हतं हे आरोपीने सिद्ध करायचं. मी कोर्टात ठासून सांगितलं, नव्हतं. मनातलं मला आजही ठरवता येत नाही.

पकडलेल्यांच्या घरच्यांना एवढंच सांगते: पंचनाम्याची प्रत लगेच मिळवा, वजन कोणत्या काट्यावर झालं, नमुने मॅजिस्ट्रेटसमोर काढले का, हे पहिल्याच दिवशी वकिलाला विचारा. पुढे मुद्देमाल वाळतो, सडतो, नाहीतर जाळला जातो.

पण आमच्याच गल्लीत एमडीच्या (मेफेड्रोनच्या) नादाने कोलमडलेली पोरं पाहते तेव्हा वाटतं, विकणाऱ्याला जामीन मिळूच नये. म्हणजे ज्या कलमाविरुद्ध मी घसा फोडते, तेच मला हवंसं वाटतं. एमडीची व्यापारी मात्रा 50 ग्रॅमवरच सुरू होते, तेही पटतं. फक्त तोलताना विष तोला, काड्या नको.