ओहोटीच्या वाटेने

पायी प्रवासाची वर्णने आपल्याकडे पुष्कळ लिहिली जातात. त्या प्रवासाच्या तयारीविषयी मात्र सहसा कोणी लिहीत नाही. प्रवास पहिल्या पावलापासून सुरू होतो आणि त्यापूर्वीचे दिवस म्हणजे नुसती सामानाची बांधाबांध, अशी आपली समजूत असते. ही समजूत किती अपुरी आहे, याचा अनुभव आमच्या धर्मग्रामातील काही मंडळी गेले तीन महिने घेत आहेत. म्हणून प्रवास घडण्यापूर्वीच त्याची ही हकीकत वाचकांपुढे ठेवीत आहे.

येत्या मार्गशीर्षात, शुद्ध द्वितीयेपासून पंचमीपर्यंत चार दिवस, आम्ही चौदा जण वेंगुर्ल्यापासून गोव्यातील मोरजीपर्यंत समुद्रकाठाने चालत जाणार आहोत. बेळगावहून आंबोलीचा घाट उतरून सावंतवाडीमार्गे वेंगुर्ले गाठायचे आणि तेथून समुद्र उजव्या हाताला ठेवून दक्षिणेकडे निघायचे, असा बेत आहे. वाटेत मोचेमाड, सागरतीर्थ, शिरोडा, वेळागर आणि रेडी ही गावे लागतात. पुढे तेरेखोलचा किल्ला, त्याखालची नदी फेरीबोटीने ओलांडली की केरी, मग हरमल, मांद्रे, आश्वे आणि शेवटी मोरजी. सारे मिळून अंतर पन्नास किलोमीटरांच्या आतबाहेर भरेल. पंढरीच्या वारीत दिवसाला वीस-वीस किलोमीटर चालणाऱ्यांना हा आकडा ऐकून हसू येईल. परंतु वाळूवरचे अंतर आणि सडकेवरचे अंतर एका मापाने मोजता येत नाही. मऊ कोरड्या वाळूत पाऊल रुतते, मागे सरकते, आणि कठीण जमिनीवर चालण्याच्या मानाने शरीराचे श्रम सुमारे दुपटीने वाढतात. त्यात पुळण समुद्राकडे उतरती असते. समुद्र उजवीकडे असला की उजवा पाय सदा खाली आणि डावा वर. तासभर असे चालल्यावर कंबर आणि गुडघा आपापली तक्रार सांगू लागतात.

याला उपाय एकच. भरतीचे पाणी ओसरून गेल्यावर जी ओली, घट्ट आणि बरीचशी सपाट वाळू उघडी पडते, तिच्यावरून चालायचे. म्हणजेच चालण्याची वेळ आपण ठरवावयाची नाही. ती समुद्राने ठरवावयाची.

हा पहिला धडा आम्हांला आमच्या वाटाड्याने दिला. साठी उलटलेले हे गृहस्थ वेंगुर्ल्याकडचे असून त्यांचे निम्मे आयुष्य रापणीची जाळी ओढण्यात गेले आहे. सारे त्यांना आबा म्हणतात. भाद्रपदात ते आपल्या मुलीकडे बेळगावला आले असता एका रविवारी आमच्या शाळेच्या वर्गात त्यांना बोलावले. त्यांनी नकाशा मागितला नाही. भिंतीवरची दिनदर्शिका मागितली. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करावी, म्हणजे पूर्ण भरतीची वेळ कळते, हे कोकणातले जुने सूत्र त्यांनी सांगितले. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती. त्यानंतर सव्वासहा तासांच्या आसपास ओहोटी. द्वितीयेला भरती दीडला, म्हणून सकाळची ओहोटी पावणेआठला. पंचमीला भरती पावणेचारला, ओहोटी दहाला. चारही दिवस सकाळच्या थंड वेळी वाट मोकळी मिळावी, यासाठी या चार तिथी निवडल्या आहेत. शिवाय अमावास्या नुकतीच सरलेली असल्यामुळे ते उधाणाचे दिवस. पाणी जसे जास्त चढते तसेच जास्त ओसरते आणि घट्ट वाळूचा पट्टा रुंद होतो. हे सूत्र अंदाजाचे आहे, हे आबांनाही ठाऊक आहे. भरतीची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे जाते आणि दिवसातल्या दोन भरत्या सारख्या उंचीच्या नसतात. म्हणून भारतीय सर्वेक्षण विभागाच्या तक्त्यांतील मुरगाव बंदराच्या वेळाही आम्ही टिपून घेतल्या आहेत.

गंमत अशी की, जी ओहोटी पायांना हवी, तीच तेरेखोलच्या नदीत नको असते. पाणी फार उतरले की फेरीबोटीचा खोळंबा होतो. तेव्हा किल्ल्यावर मुक्काम करून, पाणी चढल्यावर पलीकडे जायचे, असे ठरले आहे. खाड्यांच्या मुखांबाबत आबांचा नियम कडक आहे. त्यांनी स्वतः पाण्यात उतरून खूण केल्याशिवाय कोणी पाऊल घालावयाचे नाही. शंका असेल तेथे आत वळून पूल गाठावयाचा, मग फेरा कितीही पडो. उथळ पाण्यातून जाताना पाऊल उचलून टाकू नये, घासत न्यावे, म्हणजे वाळूत दडलेली पाकटे बाजूला सरतात. केरी आणि हरमल यांच्या मधल्या खडकाळ भागात शेवाळ निसरडे असते आणि कालवांची धार सुरीसारखी. तेथे पायांत बूट हवेतच.

एवढे सारे ऐकून झाल्यावर आमच्या वर्गात जो प्रश्न उभा राहिला, तो समुद्राचा नव्हता. आमच्यातल्या एका माणसाचा होता.

नाव देणाऱ्यांत आमचे एक निवृत्त गुरुजी होते. वय ६७. इतिहास-भूगोल शिकविण्यात त्यांची हयात गेली. आमच्या चौदांपैकी सहा जण त्यांचे विद्यार्थी. त्यांना मधुमेह आहे आणि गेल्या वर्षी त्यांच्या पत्नी निवर्तल्या. तेव्हापासून मिस्सेला येणे आणि घरी जाऊन खिडकीत बसणे एवढाच त्यांचा दिनक्रम राहिला होता. त्यांच्या कन्येचा पुण्याहून मला दूरध्वनी आला. "फादर, बाबांना तुम्हीच समजावून सांगा. माझे ऐकत नाहीत." मी गुरुजींकडे गेलो. ते म्हणाले, "फादर, वाटेत मी पडलो तर तुमची पंचाईत होईल, हे मला कळते. पण घरात बसून मी रोज थोडाथोडा पडतोच आहे, हेही तुम्ही पाहत आहात."

यावर 'या' म्हणणे सोपे होते आणि 'नको' म्हणणेही सोपे होते. दोन्हींत विचार करण्याचे श्रम वाचत होते. आम्ही तो प्रश्न आधी डॉक्टरांकडे नेला. त्यांनी रक्तातील साखर, रक्तदाब, हृदयाचा आलेख आणि तळपायांची संवेदना हे सारे तपासले. दीर्घकाळच्या मधुमेहात तळपाय बधिर होतात. खडा टोचलेला कळत नाही आणि फोडाची जखम होते. गुरुजींची संवेदना पुष्कळशी शाबूत निघाली. तरीही अनवाणी मुळीच चालावयाचे नाही, दर विसाव्याला बुटांतील वाळू झाडावयाची आणि रोज रात्री दुसऱ्या कोणी तरी त्यांचे तळपाय उजेडात पाहावयाचे, या अटी पडल्या. श्रमाने साखर एकदम उतरू शकते. म्हणून गोळ्यांचे प्रमाण त्या दिवसांपुरते डॉक्टरांनीच ठरवून दिले. घाम फुटणे, हात थरथरणे, बोलण्यात असंबद्धता येणे ही साखर उतरल्याची लक्षणे आम्हां सर्वांना पाठ करावी लागली. ग्लुकोजची पुडी आता एकट्या गुरुजींच्या नव्हे, तर चौदाही जणांच्या खिशात राहणार आहे. उन्हाच्या त्रासासाठी एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ हे प्रमाणही सर्वांना तोंडपाठ झाले आहे. हे चमचे चहाचे, जेवणाचे नव्हेत; ते गुरुजींना केव्हा द्यावयाचे, तेही डॉक्टरांनी बजावून सांगितले आहे.

मग पायांची परीक्षा. आबांनी हिशेब सांगून ठेवला होता. रोजचा पल्ला सरासरी बारा किलोमीटर, आणि घट्ट वाळू मिळते साधारण पाच तास. तेव्हा विसावे धरून साडेचार तासांत जो पल्ला पुरा करील, तो येऊ शकेल. बेळगावात समुद्र नाही. पण पाय रुतेल अशी जमीन आहे. पहिले काही आठवडे आम्ही पहाटे व्हॅक्सिन डेपोच्या मैदानाला फेऱ्या घातल्या, पुढे येळ्ळूरच्या राजहंसगडावर चढउतार केली आणि पाऊस थांबल्यावर एका शेतकरी कुटुंबाच्या परवानगीने नांगरलेल्या रानात चाललो. ढेकळांत चालणे हे वाळूत चालण्याच्या इतके जवळ जाईल, असे कोणाच्या ध्यानी नव्हते.

पाठीवर पिशव्या घेऊन बारा किलोमीटरांची पहिली चाचणी झाली, तेव्हा तरुण मंडळी तीन तासांच्या आत परतली. गुरुजींना चार तास पन्नास मिनिटे लागली. कोणी काही बोलले नाही, पण परतताना गुरुजींनीच विषय काढला, "वीस मिनिटे जास्त. नियम तो नियम." त्या संध्याकाळी आम्ही सर्वांच्या पिशव्या काट्यावर घातल्या. गुरुजींचे वजन ५८ किलो आणि पिशवी ९ किलोंची. आत दोन चादरी, पितळी तांब्या, चार पुस्तके आणि पत्नीच्या वेळचा पोलादी डबा. इतरांच्या पिशव्यांची स्थिती फार निराळी नव्हती. पाठीवरचे ओझे शरीराच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याहून अधिक नसावे, असे आम्ही ठरविले आणि ओझे उतरविण्यास आरंभ केला. पुस्तके गेली, दुसरी चादर गेली, तांब्या गेला. डब्याला कोणी हात लावला नाही. गुरुजींनी तो स्वतःच बाहेर काढून टेबलावर ठेवला आणि क्षणभराने पुन्हा आत ठेवला. "एवढा असू द्या," ते म्हणाले. तो राहिला. औषधपेटी, दोर, पाण्याचा जादा साठा ही सामाईक वस्तूंची वाटणी ज्याच्या त्याच्या अंगबळाप्रमाणे केली. पाच किलोंच्या पिशवीसह दुसऱ्या चाचणीत गुरुजी चार तास वीस मिनिटांत आले.

तरीही एका तरुणाने, जो सैन्यभरतीची तयारी करीत आहे, प्रांजळपणे विचारले, "म्हणजे आम्ही सगळ्यांनी सरांच्याच चालीने चालायचे काय?" त्याचा प्रश्न अगदीच गैरवाजवी नव्हता. त्याच आठवड्यात आबांशी दूरध्वनीवर बोलणे झाले, तेव्हा तो मी त्यांच्या कानावर घातला. ते म्हणाले, "फादरानू, दर्यो कोणाची वाट बघना नाय. आणि म्हाताऱ्याक धावडवूक येना नाय. मगे काय ऱ्हवला? लवकर उठा."

या प्रवासाच्या तयारीचे सारे मर्म मला त्या चार वाक्यांत दिसते. समुद्र आपल्यासाठी थांबत नाही; आणि आपल्यात जो दुबळा आहे, त्याला कोणी कितीही टोचले तरी तो धावू शकत नाही. या दोन्ही गोष्टी आपल्या हातच्या नाहीत. आपल्या हाती उरते ते एवढेच, निघण्याची वेळ आणि पाठीवरचे ओझे. तयारी म्हणजे या दोन गोष्टी बदलणे. बाकीचे सारे, बूट, टोपी, विजेरी, हे तिच्या मागून येते.

त्याप्रमाणे आता उजाडण्याची वाट न पाहता पहाटे सव्वापाचला विजेरीच्या उजेडात निघावयाचे ठरले आहे. सर्वांत पुढे आबा, त्यांच्यामागे गुरुजी, मग इतर. आणि सर्वांत शेवटी तो सैन्यभरतीवाला तरुण. शेवटी चालणारा माणूस मजबूतच असावा लागतो, कारण मागे कोणी राहिले तर परत फिरावयाचे ते त्याला, असे आबांनी सांगितल्यावर तो उगाच थोडा ताठ उभा राहिल्यासारखा मला वाटला. रोजच्या मुक्कामापासून मोटाररस्ता जवळ आहे. ज्याला पुढे जाणे नको वाटेल, त्याने तसे रात्रीच्या जेवणापूर्वी सांगावे आणि सकाळच्या बसने परतावे. त्याला कोणी कारण विचारणार नाही, हा ठरावही सर्वांनी मिळून केला आहे. गुरुजींसाठी केलेला हा ठराव कदाचित दुसऱ्याच कोणाच्या उपयोगी पडेल.

गुरुजींनी या तीन महिन्यांत आम्हांला काय दिले, तेही सांगितले पाहिजे. दर रविवारी विसाव्याच्या वेळी ते वाटेवरचे एकेक गाव उलगडून सांगत. मे १९३० मध्ये शिरोड्याला झालेला मिठाचा सत्याग्रह. त्याच गावी १९२० पासून १९३८ पर्यंत शिक्षक असलेले वि. स. खांडेकर, सावंतवाडीकरांचा तेरेखोलचा किल्ला १७४६ मध्ये पोर्तुगीजांच्या हाती कसा गेला आणि १५ ऑगस्ट १९५४ रोजी सत्याग्रहींनी तेथे तिरंगा कसा फडकविला, त्याच किल्ल्यातले संत अंतोनीचे छोटे चर्च, मोरजीच्या वाळूत अंडी घालण्यासाठी येणारी ऑलिव्ह रिडले कासवे. एरवी ती मुले पुढे-पुढे धावत असत. आता विसाव्याची जागा आली की, ती गुरुजींची वाट पाहत बसू लागली आहेत.

निघावयास आता नऊ दिवस उरले आहेत. त्यांच्या कन्येने अजून संमती दिलेली नाही. मात्र परवा तिने मुक्कामाच्या गावांची नावे, वेळा आणि आबांचा क्रमांक लिहून घेतला, आणि तिसऱ्या दिवशी आपण केरीच्या धक्क्यावर येऊन उभी राहणार, असे कळविले. बाबांना गाडीत घालून नेण्यासाठी, की पुढे त्यांच्याबरोबर चालण्यासाठी, हे तिने सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. गुरुजींनी मात्र बाजारातून वाळूत चालण्याजोग्या स्त्रियांच्या बुटांची किंमत विचारून ठेवली आहे.