रिकाम्या पाठीचा घोडा

पायी चालणाऱ्याच्या वाट्याला शहराचा एक ठरावीक पट्टा येतो. दुकानाच्या पायरीपासून पहिल्या मजल्याच्या कठड्यापर्यंतचा. मुंबईच्या काळा घोडा परिसरातल्या एका कलाफेरीसाठी चिन्ह, पाट्या आणि नकाशा करायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा आधी हा पट्टाच डोळे भरून पाहत हिंडले.

सर अल्बर्ट ससून यांच्या देणगीतून १८७९ मध्ये इथे प्रिन्स ऑफ वेल्सचा, म्हणजे पुढच्या सातव्या एडवर्डचा, अश्वारूढ पुतळा उभा राहिला. उंच चौथरा, त्यावर घोडा, घोड्यावर युवराज. पण खालून जाणाऱ्यांच्या नजरेत घोडाच भरला असावा. त्यांनी स्वाराला वगळलं आणि साऱ्या परिसराला काळा घोडा म्हणू लागले. १९६५ मध्ये पुतळा भायखळ्याच्या राणीच्या बागेत हलवला. नाव मात्र जागचं हललं नाही. पन्नासहून अधिक वर्षं तिथे घोडा नव्हता, तरी माणसं तिथेच भेटायचं ठरवत होती. २०१७ मध्ये नवा घोडा आला, तो स्वाराविनाच. शहराची इतकी टिकाऊ ओळख घडवली ती येणाऱ्याजाणाऱ्यांनी, आणि तिच्यापुढे मी मनोमन हात जोडते.

रंगही मी रस्त्यावरच शोधले. डेव्हिड ससून लायब्ररीच्या मालाडी दगडाचा पिवळेपणा सकाळी फिका असतो आणि उन्हं कलली की हळदीकडे झुकतो. आतल्या गल्लीतलं केनेसेथ एलियाहू सिनेगॉग १८८४ चं. वर्षानुवर्षं ते निळं म्हणूनच ओळखीचं. वॉटसन हॉटेलचा ओतीव लोखंडी सांगाडा काळपट. ल्युमिएर बंधूंची हलती चित्रं १८९६ मध्ये मुंबईनं पहिल्यांदा पाहिली ती याच इमारतीत. पिवळा, निळा, काळा: एवढे रंग पुरेसे होते. चौथा आणला असता तर तो माझा झाला असता, परिसराचा नव्हे.

चिन्हात घोडा काढायचा का, हा प्रश्न बरेच दिवस मनात घोळत राहिला. १९९९ पासून इथे भरणाऱ्या कला महोत्सवामुळे घोड्याचं चित्र घरोघरी पोचलेलं. आणखी एक काढून त्यात काय भर पडणार? मग नव्या घोड्यासमोर उभी असताना लक्षात आलं की नजर पुन्हापुन्हा त्याच्या पाठीवर जाते, जिथे कुणीच बसलेलं नाही. मी फक्त त्या पाठीचा झोल घेतला. ‘कलाफेरी’ या चार अक्षरांची शिरोरेषा मधोमध किंचित खाली उतरवली आणि अक्षरं तिच्याखाली सांभाळून बसवली. फे-ची मात्रा त्या उतारावर कलंडू नये म्हणून तिचा कोन पुन्हापुन्हा घासूनपुसून घेतला.

पाट्यांचा वरचा काठही तसाच कापला. जुन्या इमारतींच्या दगडात खिळा ठोकणं मला मान्य नव्हतं, म्हणून पाट्या स्वतःच्या पायांवर उभ्या आहेत, छातीइतक्या उंचीच्या. समोर उभं राहिलं की त्या झोलातून पलीकडचं दिसतं: कुठे भिंतीवरचं चित्र, कुठे कमान, तर जहांगीर आर्ट गॅलरीबाहेर पदपथावर चित्रं मांडून बसलेले कलावंत. १९५२ पासून ही गॅलरी तिथे आहे, पण तिच्या पायऱ्या चढायला बिचकणारी माणसं आजही पदपथावरच्या चित्रांपाशी मात्र निवांत रेंगाळतात. फेरी त्यांच्यासाठी आहे. म्हणून मराठी मजकूर पाटीवर सर्वांत वर आणि सर्वांत ठळक आहे, आणि चित्रकाराचं नाव वाचायला कुणाला वाकावं लागत नाही.

सार्वजनिक कलेच्या चिन्हानं जागा अडवू नये, करून द्यावी, असं मला मनापासून वाटतं. चित्र भिंतीवर असलं तरी त्याचं खरं ठिकाण त्याच्यासमोर थबकलेल्या माणसात असतं. शहराला ओळख देण्याचा अधिकार त्या माणसाचा आहे. उद्या त्यानं आमच्या फेरीला स्वतःचं एखादं नाव ठेवलं, बोलता बोलता ते रुळलं, तर शिरोरेषेखालची ही चार अक्षरं उतरवून त्याचं नाव मी तिथे आनंदानं लिहीन.