तपासणी दोघांची

आमच्या बीडकडे लग्नाला दोन वर्षं झाली आणि पाळणा हलला नाही, की विचारणा सुरू होते, "बहू को दिखाया क्या?" बहूला दाखवतात. आधी दर्ग्यावर, मग गावातल्या बाईडॉक्टरकडे, मग औरंगाबादला. नात्यातल्या एका भाभीची सहा वर्षं यातच गेली. तिचे सगळे रिपोर्ट नॉर्मल. कोणीतरी नवऱ्याची तपासणी सुचवली, तर सासूबाई उसळल्या, "मेरा बेटा नामर्द है क्या?"

मी दोन्ही भाषा शिकवतो, म्हणून हा शब्द मला टोचला. बाईसाठी मराठीत वांझ, उर्दूत बांझ. पुरुषासाठी रोजच्या बोलण्यात नपुंसक नाहीतर नामर्द, आणि दोन्हींचा अर्थ भलताच, म्हणजे शरीरसंबंध न जमणारा. संबंध व्यवस्थित होऊनही ज्याच्यामुळे मूल राहत नाही, त्याच्यासाठी बोलीत शब्दच नाही. मग तपासणी म्हणजे मर्दानगीवर शंका, असंच सगळे धरून चालतात.

या दोन गोष्टी किती वेगळ्या आहेत, ते शुक्राणूचा प्रवास वाचला की कळतं. बाहेर पडलेला शुक्राणू लगेच कामाचा नसतो. बाईच्या शरीरात काही तास काढल्यावरच तो अंड्यात शिरण्याजोगा होतो, हे 1951 साली चँग आणि ऑस्टिन या दोघांनी स्वतंत्रपणे दाखवलं. तिथलं बायकार्बोनेट (खायच्या सोड्यात असतं तेच) त्याला जागं करतं. अंड्याभोवतीच्या पेशी प्रोजेस्टेरॉन सोडतात. शुक्राणूच्या शेपटीवर कॅटस्पर नावाची बारीक दारं असतात. प्रोजेस्टेरॉनचा सांगावा पोचला की ती उघडतात, कॅल्शियम आत येतं आणि शेपटी चाबकासारखे फटके मारू लागते. त्या जोराशिवाय अंड्याचं कवच भेदता येत नाही. प्रोजेस्टेरॉन आणि या दारांचं नातं 2011 साली उलगडलं. दारच बिघडलेलं असेल तर शुक्राणू भरपूर असूनही मूल राहत नाही. यात मर्दानगीचा संबंध कुठे आला?

आणि हे मराठीत बोलायला लाजायचं कशाला? र. धों. कर्वे यांनी 1927 पासून 'समाजस्वास्थ्य' मासिकात असले विषय उघड मांडले, त्यापायी खटलेही सोसले. आमच्या स्टाफरूममध्ये मात्र विषय काढला की लोक चहाचा कप उचलून बाहेर जातात.

कॅटस्परचा दोष साध्या तपासणीत बहुधा दिसत नाही, हे खरं. पण संख्या आणि हालचाल दिसते. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021 च्या मापाप्रमाणे मिलिलिटरमागे 1 कोटी 60 लाख शुक्राणू आणि त्यातले 42 टक्के हलणारे, ही खालची मर्यादा. आकडा त्याखाली गेला म्हणजे सगळं संपलं असं नाही. शुक्राणू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात, त्यामुळे मध्ये जोराचा ताप येऊन गेला असेल तर रिपोर्ट तेवढ्यापुरता वाईट येऊ शकतो. तंबाखू सोडायला सांगतात. नंतर पुन्हा तपासतात.

बाईच्या नळ्यांची तपासणी दुखते. पुरुषाला फक्त दोन ते सात दिवसांचा परहेज पाळून एका डबीत नमुना द्यायचा असतो, तो तासाभरात लॅबमध्ये पोचला पाहिजे एवढंच. बहूला गाडीत बसवण्याआधी ती डबी द्या.