शेपटीचं ऐकावं

मनी माझी पर्शियन मांजर. कंगवा दिसला की थेट पलंगाखाली. तरी विंचरणं टाळता येत नाही. काखेत, कानामागे केसांच्या गाठी झाल्या की चालतानाही कातडी ओढली जाते. ती कातडी इतकी पातळ, की गाठीला कात्री लावायचीच नाही. बोटांनी हळूहळू सोडवायची.

नखांचंही तसंच. पुढच्या पंजांना ५-५, मागच्यांना ४-४, अशी एकूण १८. पण एका बैठकीत दोन कापून झाली तरी पुष्कळ. आतली गुलाबी शीर सांभाळून फक्त टोक कापायचं.

शेपटी आपटू लागली, कान मागे गेले, की मी थांबते. दाबून धरलं तर काम आज उरकेल, पण तिचा विश्वास जाईल. तो मला गाठींपेक्षा मोलाचा वाटतो.